मदत हवी आहे : बेज्वेल्ड २ खेळताना थांबायचं कुठे?

नमस्कार मंडळी. पॉपकॅप कंपनीचा २००४ सालचा बेज्वेल्ड २ हा गेम घरच्या जुन्या डेस्कटॉपवर पुन्हा खेळायला लागले आहे. आठ बाय आठचा पट, सात रंगांची रत्नं, शेजारची दोन अदलाबदल करून तीन जुळवायची, एवढंच. पण चार जुळली की स्फोट होणारं रत्न मिळतं, पाच जुळली की हायपरक्यूब, आणि तो वापरला की एका रंगाची सगळी रत्नं एकदम नाहीशी! वरून नवी कोसळतात, त्यातली काही आपोआप जुळतात, आणि माझ्या हातून काहीतरी मोठं घडल्यासारखं वाटतं. त्या क्षणी उठवतच नाही.

मी एंडलेस प्रकार खेळते. त्यात चाल कधीच संपत नाही, म्हणजे थांबायची जागाच नाही. रात्री जेवण आवरून दहाला बसते, घड्याळ पाहते तेव्हा एक वाजलेला असतो. सकाळी मुलीचा डबा करायचा असतो, फार ओढाताण होते.

गेम काढून टाकायचा नाहीये, मनापासून आवडतो. यातल्याच क्लासिक प्रकारात चाली संपल्या की डाव संपतो. तिकडे वळल्याने कुणाला फरक पडला का? की ठरावीक वेळेला संगणक आपोआप बंद होईल अशी सोय करावी? ती कशी करतात, कृपया सविस्तर सांगा.