इम्प्लांटवर लेझरने हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचं कोटिंग, एमएस्सी प्रोजेक्टसाठी सल्ला पाहिजे

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, मी नांदेडला एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांचा खुबा बदलला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की मांडीच्या हाडात बसवलेल्या दांडीवर हाडातल्याच खनिजासारखा थर आहे, सिमेंट लागत नाही, हाड त्याला स्वतः धरतं, तेव्हापासून ते डोक्यातून जाईना. म्हणून टायटॅनियमवर तोच थर, म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा, लेझरने बसवायचा विषय घ्यायलोय. पण कॉलेजात लेझर नाही, मफल फर्नेस म्हणजे भट्टी आणि पेलेट प्रेस म्हणजे पावडर दाबून गोळी करायचं यंत्र, तेवढं आहे. सर म्हणायलेत विषय बदल. बदलू का?

भट्टीवाला:
अजिबात बदलू नको. इंदूरला यूजीसी-डीएईचं सेंटर आहे, ते विद्यापीठातल्या लोकांसाठीच आहे, तिथं पल्स्ड लेझर डिपॉझिशन म्हणजे लेझरने थर बसवायची सोय आहे, सरांमार्फत प्रपोजल टाक आणि लवकर टाक. पण लेझरच्या आधी टार्गेट बघ बाबा. लेझर ज्या गोळीवर मारायचा ती गोळीच चुकली तर इंदूरला जाऊन काय उपयोग? माझ्या वेळी अमोनिया कमी पडला, पीएच खाली घसरला आणि भट्टीतून काढलं तर हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटऐवजी बरंचसं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, दोन महिने गेले. कॅल्शियम नायट्रेटात डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट थेंबथेंब सोड, पीएच १० च्या खाली जाऊ देऊ नको, कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण १.६७ धर, रात्रभर तसंच ठेव, मग धुवून वाळव. गोळी दाबून ११०० ते १२०० डिग्रीला भाज. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीत, मोठं शिखर ३१.८ अंशाजवळ यायला पाहिजे, ३७.४ ला काही दिसलं तर कॅल्शियम ऑक्साइड राहिलंय, परत कर.

गोदाकाठ:
लै उपकार दादा. अंड्याच्या टरफलापासून केलं तर चालंल का? हॉस्टेलजवळच्या ऑम्लेटच्या गाड्यावर पोतंभर मिळतात.

भट्टीवाला:
चालंल, ९०० डिग्रीला भाजलं की कॅल्शियम ऑक्साइड होतं, फक्त हवेतला ओलावा लगेच ओढतं म्हणून डबा घट्ट लाव. पण टरफलात थोडं मॅग्नेशियम असतं आणि ते ट्रायकॅल्शियम फॉस्फेटच्या बाजूला ढकलतं, म्हणून आधी शुद्ध केमिकलची एक गोळी कर, टरफलाची नंतर, दोन्हीची तुलना हाच एक चॅप्टर होतो.

बालाघाट:
मी पीएचडीत हेच केलं, थराबद्दल सांगतो. लेझर बहुतेक २४८ नॅनोमीटरचा एक्सायमर असतो, गोळीवर पल्स पडला की तिथलं मटेरियल उडून समोरच्या तापलेल्या टायटॅनियमवर बसतं. टायटॅनियम साधारण ४०० ते ६०० डिग्रीला ठेवतात, खूप कमी ठेवलं तर थर स्फटिक न होता काचेसारखा राहतो आणि शरीरातल्या द्रवात लवकर विरघळतो, खूप वाढवलं तर टायटॅनियमच ऑक्सिडाइज व्हायला लागतं. आणि चेंबरमध्ये पाण्याची वाफ सोडायला विसरू नको, नाहीतर थरातलं हायड्रॉक्सिल (ओएच गट) निघून जातं. एफटीआयआरमध्ये, म्हणजे इन्फ्रारेड चाचणीत, ३५७० आणि ६३० जवळचे पट्टे दिसले तर समज हायड्रॉक्सिल टिकलंय. थर मायक्रॉनभराचा असला तर साध्या एक्सआरडीत टायटॅनियमच दिसत बसतं, ग्रेझिंग अँगलचं, म्हणजे किरण अगदी तिरपे टाकून घेतलेलं माप मागून घे.

लातूरकर_ताई:
मी ऑर्थोच्या ओटीत सिस्टर आहे. आम्ही जे दांडे बघतो त्यावरचा थर प्लाझ्मा स्प्रेचा असतो ना? मग लेझर कशाला?

बालाघाट:
बरोबर ताई, बाजारात बहुतेक तेच आहे आणि १९८५ च्या आसपासपासून माणसांत वापरात आहे, त्याचं काम चांगलंच आहे. पण प्लाझ्मा फार गरम असतो, पावडरचा काही भाग दुसऱ्याच फॉस्फेटमध्ये बदलतो, थर जाड असतो, पन्नास मायक्रॉनच्या पुढं, आणि कधीकधी सुटायची भीती असते. लेझरचा पातळ, दाट आणि घट्ट बसतो, बारीक खाचाखोचा बुजत नाहीत. पण एका वेळी छोटीच जागा झाकते आणि मशीन महाग, म्हणून ते अजून जास्त करून लॅबमध्येच आहे. वडिलांना बसवलेल्या सांध्याबद्दल काळजी करू नकोस, गोदाकाठ.

गोदाकाठ:
हे वाचून बरं वाटलं. इंदूरचा नंबर लागला नाही तर काय करू?

बालाघाट:
विद्युत निक्षेपण कर, म्हणजे द्रावणातून विजेने थर बसवायचा, पॉवर सप्लाय आणि बीकरवर होतं. आधी ब्रुशाइट नावाचं कॅल्शियम फॉस्फेट बसतं, मग गरम सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवलं की अ‍ॅपेटाइट होतं. शेवटी दोन्ही नमुने ३६.५ डिग्रीच्या सिम्युलेटेड बॉडी फ्लुइडमध्ये (शरीरातल्या द्रवासारखं द्रावण) बुडवून ठेव आणि पृष्ठभागावर नवीन अ‍ॅपेटाइट उगवतंय का बघ. सरांना हे दाखव, ते नाही म्हणणार नाहीत.

गोदाकाठ:
उद्याच अमोनियाची बाटली मागवतो. पहिला एक्सआरडी इथंच टाकतो, बघून सांगा.