मदत हवी आहे: घरी ऑइल बदलताना दरवेळी दारात काळं होतं

चहाकट:
मंडळी, नमस्कार. गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, मुक्काम कोल्हापूर, मंगळवार पेठ, घर भाड्याचं. गाडी लागते ती घरमालकीण काकूंच्या दारात, शहाबादी फरशीवर. गेली दोन वर्षं ऑइल नि फिल्टर मीच बदलतो. काम जमतं, पण दोन्ही वेळा सांडलंय.

पहिल्यांदा घमेलं ऑइल सोडायच्या बोल्टाखाली अगदी नेमकं ठेवलं होतं. बोल्ट सुटला आणि धार घमेल्यावरून उडी मारून वीतभर पलीकडं पडली. घमेलं पुढं ढकललं, तेवढ्यात बोल्ट हातातून सुटून काळ्या तेलात गडप. तो चाचपत बसलो तोवर धार मंदावून परत मागं आली, नि घमेलं पुढंच राहिलं. म्हणजे एकाच कामात दोन डाग.

दुसऱ्यांदा धार सांभाळली, पण फिल्टरनं घात केला. माझ्या गाडीला तो आडवा बसतो. जरा सैल केला तसं तेल त्याच्या अंगावरून ओघळलं, खालच्या आडव्या लोखंडी पट्टीवर गेलं नि तिथनं चार ठिकाणी ठिबकायला लागलं. घमेलं एक, धारा चार.

काकू रोज सडा-रांगोळी करतात. मला एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त रांगोळी आता डागाला वळसा घालून काढतात. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तर धार, फिल्टर आणि जुना डाग, तिन्हीवर उपाय सांगा. शिवाय जळक्या ऑइलचे दोन कॅन जिन्याखाली पडून आहेत, त्यांचं काय करू? 'गॅरेजला टाक' हे उत्तर कृपया नको. एका ठिकाणी बोल्ट असा आवळून दिला होता की चेंबरचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे) आटेच गेले. तेव्हापासून पाना माझ्या हातात.

बिनकामाचा:
गॅरेजला टाक. (दुसरं गॅरेज बघ म्हणतो.)

उद्यमनगरी:
भावा, आधी धारेचं बघू. पाण्याच्या टाकीला बाजूनं भोक पाडलं तर काय होतं? टाकी भरलेली असताना पाणी लांब जातं, पातळी उतरली की भिंतीला चिकटून खाली येतं. तुझ्या चेंबरचा बोल्ट खाली तोंड करून नाही, बाजूला तोंड करून असणार. म्हणून धार आधी लांब, मग जवळ. ती तशीच येणार, आपण भांडं लांबडं घ्यायचं. गोल घमेलं ह्या कामाला चुकीचं. 20 लिटरचा प्लॅस्टिकचा चौकोनी कॅन आडवा पाड, वरची बाजू काप, टोपण घट्ट ठेव. झाली तुझी परात. लांब बाजू धारेच्या रेषेत, बोल्टाच्या थोडं मागून सुरू झाली पाहिजे. काम झालं की तेच टोपण उघडून नरसाळ्यानं दुसऱ्या कॅनमध्ये ओत, परत सांडायची भीती नाही.

गाडी पाच मिनिटं चालू ठेव, बंद करून दहा मिनिटं थांब. गार ऑइल चिकटून राहतं, लवकर निथळत नाही. आणि कडकडीत असलं की हात भाजतो, मग माणूस बोल्ट टाकून देतो. तुझं तसंच झालं असणार.

वरचं ऑइल भरायचं झाकण आधी काढू नको. बंद असलं की हवा कमी शिरते, पहिली धार जरा दमानं येते. बोल्ट हातात आला की मग झाकण उघड. पान्यानं फक्त पहिला पीळ मोडायचा, पुढचं बोटांनी. आणि सोडवताना बोल्ट आत दाबत फिरवायचा, शेवटचा आटा सुटला तरी दाबून धरायचा, मग एका झटक्यात बाजूला. आत दाबलेला असला तर तेल जेमतेम पाझरतं. कॅनवर घरातली जुनी चाळण ठेव. बोल्ट पडला तर तिथंच घावंल.

बोल्टाचा वायसर दरवेळी नवा. दहा-वीस रुपयांसाठी कंजूषपणा करून लोक महिनाभर थेंब पुसत बसतात.

आणि एक, विचारलं नाहीस तरी सांगतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही. विटासुद्धा नकोत, त्या फुटतात. घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लाव, मागच्या चाकांना अडण लाव.

बावड्याची:
फिल्टर माझ्याकडं. मी आमच्या दोन्ही गाड्यांचं ऑइल घरीच बदलतो, त्यामुळं सगळ्या चुका करून झाल्यात.

बोल्टातून धार थांबून थेंब लागले तरी लगेच फिल्टरला हात लावू नका. पंधरा मिनिटं चहा घ्या. (आयडीला शोभेल.) मग त्या आडव्या पट्टीवर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद दुमडून पन्हाळीसारखा बसवा, उतार कॅनकडं. फिल्टर पान्यानं पाव वळसा सैल झाला की पाना बाजूला ठेवा, जाड प्लॅस्टिकची पिशवी पूर्ण फिल्टरवर चढवा आणि पिशवीच्या बाहेरनंच हातानं फिरवा. जे ओघळतं ते पिशवीत, सुटलेला फिल्टरही पिशवीत. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायचा प्रकार काही लोक सांगतात, तो करू नका. पत्रा फाटतो, फिल्टर तिथंच राहतो आणि तेल मनगटावरनं कोपरापर्यंत येतं.

आता महत्त्वाचं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का, ते डोळ्यांनी बघा. एकदा माझी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली, तिच्यावर मी नवा फिल्टर बसवला. दोन रिंगा एकमेकींवर टिकत नाहीत. गाडी चालू केली, दाब आला आणि नवंकोरं ऑइल खाली. जुनं सांडल्याचं दुःख वेगळं, नवं सांडल्याचं वेगळं!

नव्या रिंगला बोटानं नवं ऑइल लावा, हातानं फिरवत रिंग टेकेपर्यंत न्या, तिथनं साधारण पाऊण वळसा. फिल्टरवर काय छापलंय ते बघून घ्या. पाना लावायचा नाही.

आणि फरशीवर पेपर घालत असाल तर बंद करा. पेपर तेल पितो नि तेच फरशीला पाजतो. कोल्हापुरात असून फ्लेक्स मिळत नाही म्हणू नका. दर चौकात कुणातरी दादांचा वाढदिवस असतोय. वाढदिवस उरकला की मागून घ्यायचा. चारी कडांखाली विटा सरकवल्या की उथळ ट्रे तयार, वरनं पुठ्ठे नि वखारीतला भुसा.

चहाकट:
ताई, फ्लेक्स मिळाला. दादा गॉगल लावून गाडीखाली झोपणार आता. वरून ऑइल ओढून घ्यायचा पंप मिळतो, त्यानं भागेल का?

उद्यमनगरी:
डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या सळीच्या) नळीतनं ओढायचा ना? काही गाड्यांत नळी तळापर्यंत नीट जाते, काहींत जात नाही, मग तळातला गाळ राहतो. आणि फिल्टर काढायला खाली वाकायचं आहेच. तुझे आटे एकदा गेलेत म्हणून मोह होत असेल, तर गोष्ट वेगळी.

फरशीकाठ:
डागाचं सांगतो, घरबांधणीतला माणूस आहे. शहाबादी म्हणजे चुनखडी. तिच्यावर अॅसिड अजिबात नको, फरशीच खाल्ली जाते. ताज्या डागाला घासू नका, पसरतो. भुसा किंवा कोरडं सिमेंट टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. तो झाडलेला भुसाही पिशवीत बांधून वेगळा ठेवा, पेटवू नका. जुन्या डागाला कपड्याची पावडर, खडूची पूड नि थोडं गरम पाणी यांचा घट्ट लगदा बोटभर जाड थापा, वर प्लॅस्टिक झाका, दुसऱ्या दिवशी खरवडून काढा. तीन-चार वेळा करावं लागेल. फिका पडेल, पूर्ण जाईलच असं नाही. फरशी पिते.

त्या कॅनचं म्हणाल, तर सेंट्रिंगवाले स्लॅबच्या प्लेटांना लावायला जळकं ऑइल आनंदानं नेतील. देऊ नका. त्यात इंजिनातला धातूचा कीस असतो, पहिल्या पावसात सगळं मातीत. गटारीत तर नाहीच, नाल्यांचं पाणी शेवटी जयंती नाल्यातनं पंचगंगेला जातं. वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं आणि 1 एप्रिल 2024 पासून ते गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. ज्या गॅरेजात जळक्या ऑइलचं बॅरल अधिकृत पुनर्वापरवाल्याकडं जातं, तिथं विचारून नेऊन द्या. कॅनमध्ये कूलंट, पेट्रोल काही मिसळू नका, मग कुणी घेत नाही.

बिनकामाचा:
म्हणजे शेवटी गॅरेजलाच जायचं ना?

चहाकट:
रविवारी केलं. धार कॅनमध्ये, पुढं नि मागं दोन्ही वेळा. बोल्ट चाळणीत पडला. पिशवीतून फिल्टर काढताना थोडं ओघळलं, ते दादांच्या गॉगलवर. दोन्ही जुने कॅनही गेले, बिनकामाचा यांचा मान राखून गॅरेजातच.

पण आज सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा थेंब दिसला. बोल्ट अजून आवळू का?

उद्यमनगरी:
हात लावू नको! आवळून आवळूनच आटे जातात. बोल्ट, फिल्टर नि ती आडवी पट्टी कोरड्या फडक्यानं लख्ख पूस. मग बोल्टाभोवती नि फिल्टरच्या कडेला टाल्कम पावडर भुरभुर. गावातनं एक चक्कर मारून ये. पावडर जिथं ओली, तिथनं गळतंय. डिपस्टिकही बघ.

चहाकट:
रंकाळ्यापर्यंत जाऊन आलो. बोल्ट कोरडा, फिल्टर कोरडा. पट्टीच्या आतल्या बाजूला राहिलेलं तेल होतं, तिथली पावडर काळी झाली. पातळी खुणेवर आहे. लगद्याचा दुसरा थर आज थापलाय. काकू येऊन बघून गेल्या, लगदा रांगोळीचा आहे का म्हणून विचारत होत्या.