विषय: वैजापूरच्या अभ्यासगटासाठी टिपांसह कॅथलिक बायबल – कोणते पाठवावे?

प्रेषक: चिटणीस, ग्रंथालय समिती

सप्रेम नमस्कार.
काका पुढच्या शुक्रवारी विमानाने छत्रपती संभाजीनगरला निघत असून त्यांच्या बॅगेत एका जाड ग्रंथापुरतीच जागा उरली आहे. गट चालवणाऱ्या बाई इंग्रजी वाचतात आणि रविवारी मिस्सानंतर (कॅथलिक उपासनेनंतर) मुलांना मराठीत समजावून सांगतात. भाषा सोपी असावी आणि टिपा भरपूर, शक्यतो त्याच पानावर असाव्यात, एवढीच त्यांची अट आहे. बुधवारपर्यंत मते कळवावीत.

प्रेषक: जालन्याच्या ताई

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला समजले नाही. आमच्याकडे, प्रोटेस्टंट धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या बेथेलच्या परिसरात, घरोघरी बायबल सोसायटीचेच मराठी बायबल वाचले जाते. ते मराठीत आहे, स्वस्त आहे आणि जालन्यातच मिळते. त्यासाठी विमानातून काही नेण्याची गरज नाही.

प्रेषक: अण्णा

ताईंचे म्हणणे भाषेपुरते रास्त आहे, पण गटाची अडचण त्याने सुटत नाही. सोसायटीच्या नेहमीच्या आवृत्तीत 66 पुस्तके असतात आणि कॅथलिक बायबलमध्ये 73. तोबित, यहूदीथ, मक्काबींची दोन पुस्तके, प्रज्ञाग्रंथ, बेनसिरा आणि बारूख ही सात पुस्तके, शिवाय एस्तेर व दानिएल यांतील काही भाग तिच्यात सापडत नाहीत. 2 नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी एखाद्या मुलाने ‘मेलेल्यांसाठी प्रार्थना का करायची?’ असे विचारले, तर बाई मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय उघडतील, आणि नेमका तोच हाताशी नसेल. शिवाय 1983 च्या धर्मविधिसंहितेचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचा, 825 वा नियम भाषांतराला अधिकृत मान्यता आणि पुरेशा स्पष्टीकरणात्मक टिपा या दोन्ही गोष्टी मागतो, तेव्हा टिपांचा आग्रह बाईंचा एकटीचा नाही.

आता निवडीबद्दल. भाषांतरांवरून वाद घालण्यापेक्षा प्रत्येक आवृत्तीत उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडून खालच्या टिपा वाचाव्यात, असे माझे मत आहे. न्यू अमेरिकन बायबलच्या 2011 च्या सुधारित आवृत्तीतील टीप सांगते की पहिला अध्याय याजकीय परंपरेतून, म्हणजे मंदिरातील याजकांच्या लेखनातून, आला आहे. दुसऱ्या अध्यायात सुरू होणारी एदेन बागेची कथा ती वेगळ्या परंपरेतील मानते. ऑक्सफर्डच्या कॅथलिक स्टडी बायबलमध्ये हाच मजकूर आणि याच टिपा असून, त्यांखेरीज प्रत्येक पुस्तकासाठी अभ्यासकांनी लिहिलेले सविस्तर वाचन-मार्गदर्शन जोडलेले आहे. मजकूर कोणी, कधी आणि कोणत्या परिस्थितीत लिहिला हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी ते उत्तम आहे. मात्र मार्गदर्शन एकीकडे आणि वचन दुसरीकडे, त्यामुळे सतत पाने उलटावी लागतात.

इग्नेशियस कॅथलिक स्टडी बायबलचा कल निराळा आहे. स्कॉट हान आणि कर्टिस मिच यांच्या टिपा वचनाखालीच येतात, आद्य धर्मपित्यांचे (सुरुवातीच्या शतकांतील ख्रिस्ती आचार्यांचे) विवेचन देतात आणि जुन्या करारातील प्रसंग नव्या करारात कसा पूर्णत्वाला जातो, ते दाखवतात. काही टिपांपुढे पुस्तक, कबूतर आणि किल्ल्या अशी तीन चिन्हे असतात. पहिले चिन्ह बायबलच्या अंतर्गत एकतेसाठी, दुसरे ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) जिवंत परंपरेसाठी आणि तिसरे श्रद्धासत्यांच्या परस्परमेळासाठी आहे. नवा करार 2010 मध्येच एका खंडात आला होता, संपूर्ण बायबल 2024 मध्ये आले. शिकवणाऱ्या व्यक्तीला दर रविवारी काहीतरी सांगायचे असते आणि ते या टिपांत तयार सापडते, म्हणून माझे मत इग्नेशियसला.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

अण्णांनी ऑक्सफर्डला फारच लवकर निकालात काढले. येथील चर्चमध्ये मी मुलांचा वर्ग घेत असताना योनाच्या पुस्तकावरून मोठा वाद झाला होता. योनाला गिळणारा एवढा मोठा मासा कोणत्या जातीचा असेल, यावरच मुले अडून बसली होती. न्यू अमेरिकन बायबलची प्रस्तावना ते पुस्तक बोधपर कथा म्हणून वाचायला शिकवते, हे मी समजावल्यानंतर चर्चा माशावरून निनवेवासीयांवर झालेल्या दयेकडे वळली. मराठवाड्यातली मुले काही कमी चौकस नसतात. ऐतिहासिक टिपा त्यांना झेपणार नाहीत, असे गृहीत धरू नये.

प्रेषक: खजिनदार

पुस्तकाची निवड समिती करील, परंतु पैसे मंडळाचे आहेत, म्हणून विचारतो: भारतातच छापलेले न्यू कम्युनिटी बायबल का नको? ते मुंबईत मिळेल आणि बॅगेचा प्रश्नच उरणार नाही. काका दरवर्षी 23 किलोची मर्यादा ओलांडतात आणि त्यानंतर काय होते, ते मी सांगायला नको.

प्रेषक: अण्णा

त्या बायबलची कहाणी खजिनदारसाहेबांना ठाऊक असेलच. 2008 साली ते निघाले तेव्हा टिपांमध्ये हिंदू धर्मग्रंथांचे संदर्भ होते आणि चित्रेही भारतीय वळणाची होती. त्यावर टीका झाल्याने ते मागे घेण्यात आले आणि 2011 मध्ये सुधारित आवृत्ती आली. मला स्वतःला ती पहिली कल्पना आवडली होती, हेही सांगून टाकतो. परंतु त्याच्या टिपा मुख्यतः धर्मगुरूंनी प्रवचनात सांगावे तशा चिंतनपर आहेत आणि बाईंना वचनागणिक स्पष्टीकरण हवे आहे. भारतात इंग्रजी मिस्सासाठी 2020 पासून ईएसव्ही (इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन) या भाषांतराची कॅथलिक आवृत्ती वापरतात, असाही मुद्दा कोणी काढील. पण वैजापूरची मिस्सा मराठीत होते, तेव्हा तो येथे गैरलागू आहे.

प्रेषक: उदगीरचे भाऊ

डिडाखे बायबलचा उल्लेख कोणीच केला नाही. त्याच्या टिपा कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाशी जोडलेल्या आहेत आणि दृढीकरण संस्काराच्या तयारीच्या वर्गासाठी ते सोयीचे आहे. मात्र गट त्याच्या पुढे गेलेला असेल, तर माझा आग्रह नाही. जाता जाता एक सांगतो: मुलांच्या हाती मराठीच द्यावे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या सुबोध बायबलला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार आहे आणि जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्षही होते. ते पुस्तक महाराष्ट्रातच घेता येते.

प्रेषक: जालन्याच्या ताई

सुबोध बायबल आमच्या घरीही आहे. ते वाचताना पंथ आडवा येत नाही, एवढे मी मान्य करते. सात पुस्तकांबद्दल मात्र अण्णांशी स्वतंत्रपणे बोलेन.

प्रेषक: चिटणीस, ग्रंथालय समिती

खर्चाची मंजुरी खजिनदारसाहेबांकडून घेतली जाईलच, मात्र निवड समितीचीच राहील, हे नमूद करते. न्यू अमेरिकन बायबलचा मजकूर, प्रस्तावना आणि टिपा अमेरिकी बिशप परिषदेच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात आणि बाईंकडे मोबाइल आहे. म्हणजे सांस्कृतिक समितीने सुचवलेली योनाची प्रस्तावना त्यांना आजही वाचता येईल. विमानाने तेच न्यावे, जे तिथे सहज मिळत नाही. त्यामुळे इग्नेशियसचे एकखंडी बायबल मागवत आहे. त्याची दोन हजारांहून अधिक पाने आहेत, म्हणून काकांनी ते हातातल्या पिशवीत ठेवावे. बांधणी कातडी नको, साधी पुठ्ठ्याची चालेल. सुबोध बायबलच्या प्रती भाऊंनी संभाजीनगरहून घेऊन वैजापूरला पोहोचवाव्यात आणि पावती माझ्या नावाने पाठवावी.