पहिला स्वार मोठाच हवा
तीन वर्षांच्या शिंगरावर दहा वर्षांच्या मुलीला बसवावं का, तिचं वजन तर कमीच आहे, असं विचारलंय. घोड्याच्या कण्याची वाढ पूर्ण व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात, तेव्हा हलका स्वार चांगलाच. पण पहिला स्वार मात्र अनुभवी, अंगानं हलका असा मोठा माणूसच हवा. शिंगरू बिचकलं की मुलं घाबरून टाचा आवळतात आणि लगामही ओढतात. टाच म्हणजे पळ, लगाम ओढला म्हणजे थांब; मग त्या जनावरानं पळायचं की थांबायचं? आधी नुसतं खोगीर चढवा, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, हळूहळू आवळा, लांब दोरीवर फिरवा. मुलगी बसेल तेव्हा डोक्यावर हेल्मेट, दोरी तुमच्या हातात, आणि पाच-दहा मिनिटांत खाली. शिंगरानं कान मागे पाडून शेपूट झटकली, म्हणजे ते वैतागलं, तर मुलीचा हिरमोड झाला तरी त्या दिवशी तिथंच थांबा.