६४ फ्रेमचा काजव्यांचा फोटो: ठेवू, काढू, की खाली खरं लिहू?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागणार आहे, पण विषय डोक्यातून जात नाहीये.

मी नाशिकची. नोकरी पतसंस्थेत, फोटोग्राफी हौसेची. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात, अमावस्या धरून, आईला घेऊन भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेले होते. घोटीवरून शेंडी, आणि तिथून आत एका पाड्यावर मुक्काम. पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुपारी वळवाची एक सर येऊन गेलेली, संध्याकाळी नुसता उकाडा, पान हलत नव्हतं. काजव्यांसाठी याहून चांगली रात्र मिळत नाही.

समोर सादड्याचं एक जुनं झाड होतं. उजेड होता तेव्हाच त्याचा एक फोटो घेऊन ठेवला आणि मग कॅमेरा तसूभर न हलवता २५-२५ सेकंदांचे फोटो घेत बसले. अ‍ॅपर्चर २.८, आयएसओ २०००. घरी येऊन त्यातल्या ६४ फ्रेम फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवल्या. लायटन मोड लावला की प्रत्येक फ्रेममधलं जे उजळ असेल तेवढंच वर येतं. ६४ गुणिले २५, म्हणजे जवळजवळ २७ मिनिटांचे काजवे एका चित्रात. झाड असं दिसत होतं की बुंध्यापासून शेंड्यापर्यंत कुणी हळद उधळलीय. इन्स्टावर टाकला, खाली लिहिलं 'सह्याद्रीतली दिवाळी'. एरवी माझे फोटो नातेवाईक धरून दीडशे लोक बघतात. हा एका सहलीवाल्या पेजने उचलला आणि चार दिवसांत ४१ हजार लाइक झाले. खोटं कशाला बोलू, चार दिवस मी हवेत होते.

मग दोन गोष्टी झाल्या.

आमच्या सोसायटीतलं दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब फोटो बघून पुढच्याच शनिवारी तिकडे गेलं. भाड्याची गाडी, दोन मुलं, आणि शेवटच्या टप्प्यात गाड्यांच्या रांगेत दोन तास. सोमवारी त्या घरातल्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या. "ताई, गाववाल्यांनी तुमच्याच झाडाखाली नेलं हो. पण तुमच्या फोटोतलं तिथे काहीच नव्हतं." धाकटा म्हणे बाबांना विचारत होता, "आज बंद पडलंय का?"

दुसरी गोष्ट आई. तिला फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवला. चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाली, "छान आहे. कुठलं गं हे?"

त्या झाडासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ती दोन तास माझ्या शेजारी बसली होती! मी सांगितलं, आई, आपण गेलो होतो तेच झाड. तर म्हणे, "छे. तिथं सगळे एकदम लागायचे आणि एकदम विझायचे. मधे इतका काळोख व्हायचा की माझा हात मला दिसत नव्हता. यात काळोख कुठाय?"

तेव्हापासून मी अडकले आहे. कारण खरं सांगायचं तर तो काळोख मी बघितलाच नाही. मी स्क्रीनवर रुमाल टाकून फ्रेम मोजत होते, लेन्सवरचं दव पुसत होते, बॅटरी मारणाऱ्यांवर मनातल्या मनात चिडत होते. त्या रात्रीचं काय आठवतं म्हणाल तर कॅमेऱ्यावरचे आकडे.

तर प्रश्न असा. तुमच्यातले जे असे फोटो एकावर एक रचतात, ते खाली काय लिहिता? लिहिता का? आणि आता हा फोटो काढून टाकावा का?

लेन्सवाला_काका

काढू नका. एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही झालेलं नाही.

लबाडी कशाला म्हणायची ते आधी ठरवू. १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिऑग्राफिकने आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसावा म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते. त्यावरून केवढा गदारोळ झाला, आणि तेव्हा फोटोशॉप जन्मालाही आलं नव्हतं. लंडनच्या एका मोठ्या वन्यजीव फोटो स्पर्धेत २००९ चा विजेता फोटो होता कुंपणाच्या फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा. तो लांडगा माणसाळवलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं आणि पुरस्कार गेला. त्याच स्पर्धेत २०१७ ला ब्राझीलमधल्या मुंगीखाऊ प्राण्याच्या फोटोला बक्षीस मिळालं, आणि पुढच्या वर्षी ते काढून घेतलं. तो प्राणी पेंढा भरलेला आहे असा तज्ज्ञांचा निर्वाळा होता. ही झाली लबाडी. तुमच्या झाडावर तुम्ही एकही काजवा बाहेरून आणून बसवलेला नाही. प्रत्येक ठिपका तिथे चमकलेला आहे.

आणि डोळ्यांसारखं म्हणाल, तर २५ सेकंदांची एक फ्रेमसुद्धा डोळ्यांसारखी नसते. ताऱ्यांच्या गोल रेषांचे फोटो मी तीस वर्षं काढतोय, फिल्मवर होतो तेव्हापासून. आकाशात रेषा नव्हत्या म्हणून माझ्याशी अजून कुणी भांडलेलं नाही.

खाली एक ओळ टाका, '६४ फ्रेम, २७ मिनिटं', आणि झोपा शांत.

गोदाकाठ

काका, ताऱ्यांचं मीही आधी मनाशी घोकून बघितलं. पण फरक आहे ना. आकाशात खरोखर गोल रेषा असतील असं समजून कुणी गाडी काढत नाही. ती करामत आहे हे बघणाऱ्याला कळतं. माझं झाड मात्र खरं असू शकेल असं वाटतं. ज्याने काजवे कधी बघितले नाहीत त्याला कसं कळावं? शिवाय ठिपके सगळे खरे असले तरी एकच काजवा त्यात पन्नास ठिकाणी आहे. गर्दी तर मीच केली.

तिरकस

पिरॅमिड, लांडगा, मुंगीखाऊ. काकांनी एकदम जगप्रवास घडवला.

बाई, शेजाऱ्यांनी तिथे फोटो काढायला जो मोबाईल वर धरला असेल ना, त्याचा नाइट मोड तरी वेगळं काय करतो? बटण एकदा दाबायचं, तो आतल्या आत पाच-दहा फ्रेम घेऊन त्यांची भाजी करून देतो. तुम्ही हाताने केलं, तो न विचारता करतो. त्याला कुणी लिफ्टमध्ये गाठत नाही.

माझा आक्षेप फोटोवर नाहीच. 'सह्याद्रीतली दिवाळी' या ओळीवर आहे. दरवर्षी मे संपता संपता ही ओळ किमान पन्नास वेळा वाचतो. तेवढी मात्र जरूर काढा.

पाड्यावरचा

ताई, मी त्याच अंगाचा आहे. झाड ओळखलं, नाव सांगत नाही. मे-जूनमध्ये घरी पाहुणे ठेवतो. जेवण, राहणं, रात्री काजवे दाखवणं.

इकडं काय होतं ते सांगतो. पाहुणा गाडीतून उतरतो तो मोबाईल पुढं धरूनच. हे झाड दाखवा. झाडाखाली नेऊन उभा केला तर म्हणतो हे नाय. मागच्या साली एक जण पैसे परत मागत होता. म्हटलं दादा, मी काय झाडाला बटण बसवलंय? आता बोला.

त्यात शनिवार-रविवार म्हणजे जत्रा. एक गाडी वळली आणि दिव्याचा झोत झाडावर पडला की सगळं झाड गप होतं. परत लागायला लई वेळ घेतं. तेवढ्यात दुसरी गाडी वळते. मग लोक म्हणतात काजवे नाहीत. काजवे आहेत, तुम्ही त्यांना लागू देत नाही. काही जण फोटोसाठी बॅटरी मारत थेट गवतात घुसतात, पायाखाली काय आहे ते बघत नाहीत.

पण लोकांनी येऊ नये असं मी म्हणणार नाही. या वीसेक दिवसांत जे मिळतं त्यात माझं भाताचं बियाणं आणि खत निघतं. सगळ्यांनी फोटो टाकायचे बंद केले तर मी काय करू? तुम्ही फोटो टाका, पण त्यात थोडी शिस्तपण टाका. गाडी लांब लावायची. बॅटरीला लाल कागद, तोंड जमिनीकडं. मधल्या वारी यायचं.

मी आता एक करतो. झाडाखाली नेलं की आधी पंधरा मिनिटं सगळ्यांचे मोबाईल खिशात. डोळा अंधाराला बसल्याशिवाय काय दिसणार? मोठी माणसं कुरकुर करतात. पोरं मात्र पाच मिनिटांत गप होतात, आणि मग पोरंच मोठ्यांना गप करतात.

तुमच्या आईंना मी बघितलं असंल. खुर्चीवर शेवटपर्यंत बसलेल्या आजी एकच होत्या. बाकी सगळे खांबासारखे उभे, कॅमेरे घेऊन.

दिवाभीत

मी कीटक शिकवते, त्यामुळे आईंच्या वाक्यावर थांबले.

त्या जे बोलल्या ते शास्त्राच्या बाजूनेही नेमकं आहे. काजव्यांचं चमकणं म्हणजे बोलणं. नर उडत किंवा पानांवर बसून चमकतात, मादी बहुतेक वेळा खाली झुडपात, गवतात बसून उत्तर देते. प्रत्येक जातीची लय निराळी. किती वेळ पेटायचं आणि मधे किती वेळ विझून राहायचं, त्यावरून आपल्या जातीचा कोण ते ओळखायचं. म्हणजे मधला काळोख हा त्या बोलण्याचाच भाग आहे. तुमच्या फोटोतलं झाड कायम पेटलेलं आहे. असं झाड काजव्यांच्या काही कामाचं नाही!

हेच हेडलाइटचं. पाड्यावरच्या दादांनी सांगितलं ते अगदी खरं, सततच्या उजेडात नराचं बोलणं मादीपर्यंत पोचत नाही. आणि त्यांच्याकडे वेळ कुठे असतो? काजव्याचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून ओल्या मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगायी खाण्यात जातं. पंख फुटल्यावर दोन-तीन आठवडे मिळतात. त्यातल्या नेमक्या कोरड्या, वारा नसलेल्या, चंद्र नसलेल्या रात्री आपल्यालाही हव्या असतात. गवतात शिरणारा माणूस माद्याही तुडवतो आणि अळ्याही.

तेव्हा काका म्हणतात तशी '६४ फ्रेम' ही ओळ फोटोग्राफरला पुरेल. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना तिचा अर्थ लागणार नाही. त्यांच्यासाठी मराठीत लिहा.

लेन्सवाला_काका

हे लय म्हणजे बोलणं वगैरे मला खरंच माहीत नव्हतं. दहा वर्षं काजवे टिपतोय. मी नेहमी शटर उघडं ठेवून त्यांच्याकडे पाठ करून गप्पा मारत बसतो.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. आठवडा झाला, काय केलं ते कळवते.

फोटो काढला नाही. 'दिवाळी' काढली (तिरकस, तुमच्या समाधानासाठी). आता खाली असं आहे: 'हे २७ मिनिटांत चमकलेले काजवे एका चित्रात रचले आहेत. एका वेळी झाडावर इतके कधीच नव्हते. सगळे एकदम लागतात, एकदम विझतात, आणि मधे पूर्ण अंधार होतो.' त्याखाली गाडी लांब लावणे, लाल कागद, गवतात न शिरणे. ज्या पेजने फोटो उचलला होता त्यांनाही कळवलं. उत्तर नाही. त्यांच्याकडे दिवाळी चालूच आहे.

मग ६४ मधली एक सुटी फ्रेम काढून शेजारी ठेवली. तीसेक पिवळे ठिपके आणि झाडाची जेमतेम रेघ. ११२ लाइक, त्यात माझी मावशी दोन खात्यांवरून.

त्या रात्री मधेच बटण चुकून दाबलं गेल्यामुळे चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ झाला होता, तो कार्डातून पुसणार होते. सगळा दाणेदार, तीन चतुर्थांश काळा. बेडकांचा आवाज, कुणाचं तरी "ए, बॅटरी बंद कर रे", आणि मधूनमधून झाड लागतं नि विझतं. आईला दाखवला. तिने परत लाव म्हटलं. मग परत. तिसऱ्यांदा बघताना अंधार पडला की ती हलकेच "आता..." म्हणायची आणि झाड लागायचं. दोनदा चुकली, एरवी बरोबर. तिच्या लहानपणी पेठ तालुक्याकडे ही सगळी भावंडं अंगणात बसून काजवे पुढच्या वेळी कधी लागणार यावर चिंचोके लावायची, हे मला आजवर माहीत नव्हतं.

पाड्यावरचे दादा, हो, खुर्चीवरची ती माझीच आई. पुढच्या वर्षी येऊ. दुसऱ्या मजल्यावरचेही बरोबर असतील, मी शब्द देऊन बसलेय. कॅमेरा आणू की नको?

पाड्यावरचा

आणा की. पहिली पंधरा मिनिटं पिशवीत ठेवायचा, एवढंच. मंगळवार-बुधवार धरून या, आणि निघायच्या आधी फोन करा. वळीव पडला नसंल तर उगाच हेलपाटा नको. खुर्ची आजींसाठी ठेवतो. लाल कागद मात्र तिकडून जास्तीचा आणा, माझा सगळा पाहुण्यांनी नेला.