गेंदाचे वाळवलेले नमुने क्यूला कसे पाठवावेत?

प्रश्न :
नमस्कार. सह्याद्रीच्या सड्यांवरील गेंद, म्हणजे एरिओकॉलॉन, या प्रजातीवर मी पीएच.डी. करीत आहे. जुन्या मुंबई इलाख्यातून गोळा झालेले अनेक प्रारूप नमुने, म्हणजे ज्यांच्या आधारे जातीचे नाव ठरते ते मूळ नमुने, लंडनच्या क्यू उद्यानात आहेत. त्यांची छायाचित्रे मी पाहिली आहेत, परंतु या वनस्पतीचे एकेक फूल इतके बारीक असते की पाकळ्यांवरील काळ्या ग्रंथी आणि बियांवरील नक्षी सूक्ष्मदर्शकाखालीच नीट कळते. तेथील एक अभ्यासक माझे नमुने मूळ शीटशी (वाळवलेले रोप चिकटवलेल्या कागदाशी) ताडून पाहण्यास तयार आहेत. त्यांना माझ्याकडील हबेनारिया ऑर्किडची शीटही हवी आहे. ही पाकिटे टपालाने पाठवता येतील का?

उत्तर १ :
कृपया परस्पर पाठवू नका. नमुना वाळलेला असला, तरी तो २००२च्या जैवविविधता कायद्याच्या कक्षेत येतो. त्यामुळे आधी मार्गदर्शकांमार्फत संस्थेकडून चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी पत्रव्यवहार करावा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य झालेल्या संयुक्त संशोधन प्रकल्पांना या कायद्यात सवलत आहे, तेव्हा तुमचे काम त्या चौकटीत बसते का, हेही तपासा. ऑर्किडचा मामला निराळा आहे, कारण जवळपास सर्व ऑर्किडे साइट्स या, संकटग्रस्त जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिशिष्टांत आहेत. दोन्हीकडच्या वैज्ञानिक संस्था नोंदणीकृत असतील, तर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातील) नमुन्यांची बिगरव्यापारी देवाणघेवाण विशेष लेबल लावून करता येते. ही सोय एकट्या संशोधकाला नाही. म्हणून हबेनारिया सध्या वेगळी ठेवा.

उत्तर २ :
वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. २०१७ साली पॅरिसच्या संग्रहालयाने ऑस्ट्रेलियाला उसने दिलेले सुमारे शंभर नमुने, त्यांत एकोणिसाव्या शतकातील प्रारूपेही होती, कागदपत्रांतील त्रुटींमुळे तेथील जैवसुरक्षा विभागाने नष्ट केले. ही हानी कधीही भरून येणार नाही. म्हणून एकमेव शीट कधीच पाठवू नये. एकाच जागी, एकाच दिवशी गोळा केलेल्या रोपांच्या दोनतीन प्रती कराव्यात, त्यांना एकच संकलन क्रमांक द्यावा आणि किमान एक प्रत भारतातच ठेवावी. १९४३च्या बॉम्बहल्ल्यात बर्लिनचे हर्बेरियम जळाले, तेव्हा तेथील कित्येक जातींचा आधार इतर देशांत आधीच गेलेल्या प्रतींमुळेच टिकला. तसेच सुटलेल्या बिया कागदी पुडीत घालून शीटलाच जोडा, कारण तुमच्या कामात ओळखीचा खरा पुरावा त्याच आहेत.

प्रश्नकर्ती :
मनःपूर्वक आभार. माझ्याकडे तीन प्रती आहेत. त्यांतील एकीवरच बिया पक्व आहेत, त्यामुळे ती येथेच ठेवते. सोमवारी मार्गदर्शकांकडे प्राधिकरणाच्या अर्जाचा विषय काढते. क्यूच्या अभ्यासकांना तोपर्यंत थांबण्याची विनंती आजच करते, आणि मूळ शीटवरील बियांची सूक्ष्मदर्शकातून काढलेली छायाचित्रे मिळतील का, हेही विचारते.