पंजा सुकतोय, थंडीत बोटं सरळ होत नाहीत: हा हिरायामा आजार असेल का?

प्रश्न (जि. वर्धा): मुलगा १९ वर्षांचा. दीड वर्षात उजवा पंजा आणि कोपराखालचा भाग सुकला. सकाळच्या थंडीत धार काढताना बोटं उघडत नाहीत. दुखणं नाही. मानेचा एमआरआय नॉर्मल आहे, तरी कागदावर 'मोटर न्यूरॉन आजार' लिहिलंय. घरचे खचलेत.

उत्तर १: भाऊ, या वयात एकच हात, तोही न दुखता सुकत असेल तर आधी हिरायामाचा विचार करायचा. १९५९ साली जपानमध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. स्नायू हलवणाऱ्या पेशी मरतात म्हणून तो मोटर न्यूरॉन गटात धरतात, पण एएलएससारखा (हळूहळू सगळ्या शरीराचे स्नायू निकामी करणारा मोटर न्यूरॉन आजार) गिळण्या-श्वासापर्यंत जात नाही. बहुतेकांत काही वर्षं वाढून थांबतो. गेलेली ताकद मात्र सहसा पूर्ण परतत नाही, म्हणून उशीर नको.

एमआरआय नॉर्मल यायचं कारण सोपं आहे. मान पुढे वाकवली की मज्जारज्जूचं मागचं वेष्टन पुढे सरकतं आणि रज्जू मणक्यावर दाबला जातो. सरळ झोपवून काढलेल्या फोटोत हे सुटू शकतं. चिठ्ठीवर 'फ्लेक्शनमध्ये, कॉन्ट्रास्टसह' (मान पुढे वाकवून, शिरेतून औषध देऊन) असं स्पष्ट लिहून घ्या. डोक्याखाली फोम देऊन हनुवटी छातीकडे आणतात. नेहमीच्या मानेच्या कॉइलमध्ये (मानेभोवती बसणारा एमआरआयचा भाग) मान पुरेशी वाकत नाही, तेव्हा तंत्रज्ञाशी आधीच बोला. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा.

उत्तर २: आपल्या भागात कुष्ठरोग वगळल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यातही पंजा सुकतो, पण करंगळीकडे बधिरपणा असतो आणि कोपराच्या आतल्या बाजूची नस जाड लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषध मोफत आहे. हिरायामात सहसा स्पर्श शाबूत राहतो. ईएमजी-एनसीव्ही (स्नायू आणि नसांची विजेवरची तपासणी) हीही करून घ्या. मनगटापासून कोपराकडे जाणारा अंगठ्याच्या बाजूचा स्नायू शाबूत आणि कोपराखालचा बाकीचा हात बारीक, ही हिरायामाची खास खूण.

प्रश्नकर्ता: आणि निदान झालंच तर? वावरातली कामं?

उत्तर ३: मुख्य उपाय मान वाकू न देणारा गळपट्टा (कॉलर), साधारण ३-४ वर्षं. मऊ फोमचा दबतो आणि हनुवटी खाली जाते, कडक घ्या. नजर समोर ठेवून हनुवटीपासून छातीच्या हाडापर्यंतचं माप द्या. उंच झाला तर मान मागे जाते, गिळायला त्रास होतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात घामाने पुरळ येतं आणि पोरं पट्टा काढून ठेवतात, म्हणून आत सुती अस्तर, दोन जोड, रोज धुतलेलं. निंदण, कापूस वेचणं, मोबाइल पाहणं, सगळ्यांत मान वाकते. मोबाइल डोळ्यासमोर धरायचा. उशी पातळ. बी-१२ च्या इंजेक्शनांनी हे थांबत नाही.

दर महिन्याला कोपराच्या घडीपासून १० सेंमी खाली दोन्ही हातांचा घेर टेपने मोजून वहीत लिहा. पट्टा लावूनही फरक वाढत असेल तर शस्त्रक्रियेबद्दल विचारा. पाय कडक झाले किंवा बोलणं जड झालं तर निदानच नव्याने तपासायला हवं, लगेच न्यूरॉलॉजिस्ट गाठा.